सरळ पडलेलं बोट

"वैनी, लेकराचं हे बोट बघा. बाकीची वाकलीत, हे एकटंच सरळ पडलंय."

सरवदे मामा जिन्याच्या तळाशी उभे होते. हातात डब्याची पिशवी, पायात कॉलेजच्या कामाचे काळे रबरी बूट. मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होते. समोरच्या ओट्यावर सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर माझी चार वर्षांची जुई झोपली होती. तिच्या उजव्या तळहाताला पट्टी होती. तीन दिवसांपूर्वी लोणच्याची बरणी फुटली आणि मी केरसुणी आणेपर्यंत तिनं काचेचा एक तुकडा मुठीत धरला होता. अर्ध्या इंचाची जखम, करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तीन टाके पडले होते.

"टाके दुखतात म्हणून ताठ धरते ती," मी म्हणाले.

"झोपेत कोण धरून ठेवतं, वैनी?"

मी कपड्यांच्या ढिगावरून पाहिलं. पट्टीतून बाहेर आलेली बोटं खरोखरच अर्धवट मिटलेली होती, झोपलेल्या लेकराची असतात तशी. एक सोडून. ते एक बोट मात्र कुणाला काही दाखवत असावं तसं पुढे आलेलं.

मामांनी पिशवी खाली ठेवली, हात पँटला दोनदा पुसले आणि ओट्यापाशी उकिडवे बसले. दोन बोटांनी जुईचं मनगट उचललं आणि अलगद मागे वाकवलं. तिची बोटं आपोआप मिटली. ते एक तसंच राहिलं. मनगट पुढे सोडलं, बोटं उघडली. पुन्हा मागे. पुन्हा तेच. जुईला जागही आली नाही. जाग आली ती सासूबाईंना.

"अगं बया! लेकराला कशाला हात लावलास रे? मढ्यात हात घालणारा तू!"

मी कपडे तिथेच पायरीवर टाकले आणि जुईला उचलून घेतलं. "हात लावू नका तिला."

"रागावू नका, वैनी. आतली दोरी तुटलीय बोटाची. आजच लातूरला न्या, तिथं हाताचं ऑपरेशन करणाऱ्या बाई बसतात. दोन-चार दिवसांत शिवली तर सोपं असतं. मग दोरी आत सरकत जाते."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

ते उठले. पिशवी उचलली. "न्हाई, वैनी," एवढंच म्हणाले आणि जिन्याखालच्या आपल्या खोलीत गेले.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. आम्ही तेव्हा अंबाजोगाईत देवणीकरांच्या दुमजली इमारतीत भाड्यानं राहत होतो. हे वीज मंडळात होते, बदली होऊन तिथे येऊन आम्हाला जेमतेम सहा महिने झाले होते. सरवदे मामा आमच्या आधीपासून तिथे होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात ते परिचर होते. दान आलेले आणि बेवारस देह औषधात मुरवून ठेवायचे, सकाळी टेबलांवर मांडायचे, मुलं शिकून गेली की झाकायचे. त्यांच्या कपड्यांना एक उग्र, डोळ्यांत जाणारा वास असे. इमारतीत सगळ्यांचा मिळून एकच नळ होता. मामांनी त्याला हात लावला की सासूबाई तोटी राखेनं घासायच्या आणि कळशी तीनदा विसळून मगच भरायच्या. मी त्यांना कधी अडवलं नाही. मी स्वतः बी.एस्सी. झालेले, प्राणिशास्त्र घेऊन. बेडूक, झुरळ, एकदा उंदीरसुद्धा फाडला होता. त्यामुळे मी विटाळ वगैरे म्हणत नसे. मी त्याला स्वच्छता म्हणायचे.

त्या संध्याकाळी मी जुईला डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून आंघोळ घातली. पट्टीला पाणी लागू नये म्हणून हात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला. तिचं मनगट मात्र, जिथे त्यांची दोन बोटं लागली होती, ते मी पिशवीच्या खालून ओल्या फडक्यानं तीनदा पुसलं. ती म्हणाली, "आई, तिथं काय लागलंय?"

"काही नाही."

"मग का पुसतेस?"

हे घरी आले तर सासूबाईंनी दारातच सांगितलं, "त्या सरवद्यानं लेकराचं बोट ओढलं आज."

"ओढलं म्हणजे?"

"धरलं आन् ओढलं. मी डोळ्यांनी बघितलं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाजी हलवत होते. मीच म्हणाले, "जाऊ द्या. मी नीट सांगितलंय त्यांना." ओढलं नाही, असं मी म्हटलं नाही. तेव्हा ते फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं, उगाच, जाता जाता विचारावं तसं. ते भले गृहस्थ होते. टाके घालताना जुईनं इतका आकांत केला होता की बोट वाकव म्हणायला कुणाला सवडच मिळाली नव्हती. "सूज आहे हो," ते म्हणाले, "टाके निघाले की वाकेल." मला हेच ऐकायचं होतं. मी जिन्याखालून जाताना मुद्दाम मोठ्यानं जुईला म्हणाले, "डॉक्टरकाका काय म्हणाले? सूज आहे ना?" 

पण मी बघत होते. आयांचं हे असतंच, नको असलं तरी डोळे तिकडेच जातात. जुई दूध पिताना पेला धरायची, तेव्हा ते बोट पेल्यापासून दूर राहायचं. चमचा धरताना तसंच. तिला मौज वाटायची. "आई, हे बोट रुसलंय. ऐकतच नाही." मी हसायचे आणि मग न्हाणीघरात जाऊन स्वतःचं मनगट मागे-पुढे करून बघायचे. माझी सगळी बोटं मिटायची, उघडायची, पुन्हा मिटायची. मी नळ सोडून ठेवायचे, उगाच कुणी विचारू नये म्हणून.

मामा एकदाच दिसले. नळावर. मी कळशी लावली होती, ते मागे बादली घेऊन थांबले होते, चांगलं चार हात अंतर ठेवून. म्हणाले, "गेला होता का लातूरला?"

"डॉक्टर सूज म्हणाले."

"सूज असली तर बोट जाड दिसंल, वैनी. सरळ कसं पडंल?"

मी भरायच्या आधीच कळशी उचलली.

बाराव्या दिवशी टाके निघाले. जखम अशी भरली होती की डॉक्टर स्वतःवरच खूश झाले. बोट मात्र वाकलं नाही. "वापर नाही म्हणून आखडलंय. चेंडू दाबायला द्या, नाहीतर कणीक द्या."

तेराव्या दिवशी सकाळी पोळ्या करताना मी जुईला कणकेचा गोळा दिला. "घट्ट मूठ कर. अजून घट्ट. शाब्बास, आता दे मला."

तिनं गोळा माझ्या हातात ठेवला. त्यावर बोटांचे खळगे उमटले होते. पहिलं, मधलं आणि करंगळीचं. मधल्याच्या आणि करंगळीच्या मध्ये कणीक गुळगुळीत होती, कुणी हातच लावला नसल्यासारखी फुगून वर आलेली.

तव्यावरची पोळी जळली. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "लक्ष कुठाय?" मी गॅस बंद केला आणि यांना फोन लावला. "अहो, आत्ता या. लातूरला जायचंय."

"आज? आज माझी..."

"आत्ता या."

एसटीत जुई माझ्या मांडीवर झोपली. दीड तास मी तिच्या हाताकडे पाहत होते. रस्ता खराब होता, गाडी आदळायची आणि तिची बोटं एकदम हलायची. ते एक बोट सरळच. झोपेत कोण धरून ठेवतं, वैनी? मी तेरा दिवस मोजले. मग त्यातले पहिले तीन वजा केले.

डॉक्टर काझी प्लॅस्टिक सर्जन होत्या. मला तोवर वाटायचं, प्लॅस्टिक सर्जन म्हणजे नाकं नीट करणारे. पन्नाशीच्या असाव्यात, केस आखूड, बोलणं भराभर. जुईनं हात पाठीमागे लपवला. त्यांनी तो मागितलाच नाही. टेबलावरचा स्टेपलर तिच्याकडे सरकवला. "हे घे. दाबून दाखव. येत नाही ना? मलापण येत नाही. बिघडलंय वाटतं." जुई दोन्ही हातांनी स्टेपलर दाबायला लागली आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आण इकडे, बघू," आणि तिचं मनगट दोन बोटांत धरून अलगद मागे वाकवलं. पुढे सोडलं. पुन्हा मागे.

 तीच दोन बोटं, तीच चाल.

"दोन्ही टेंडन गेलेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोन्ही दोऱ्या. एका बोटाला दोन असतात, एक मधल्या पेराला, एक टोकाला. काच बारीक घुसली असणार, वरून काही कळत नाही."

"पण जखम तर भरली," हे म्हणाले.

"कातडी भरली." त्या माझ्याकडे वळल्या. "परकराची नाडी तुटली की काय होतं?"

"आत जाते."

"कुठे?"

"नेफ्यात. मग पिन घालून ओढत आणावी लागते."

"तसंच. मनगटाच्या वर हाताचा स्नायू असतो, तो नाडीला सतत मागे ओढत असतो. जितके दिवस जातील तितकी ती मागे जाते आणि नेफा आतून चिकटत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणलं असतं तर दोन्ही टोकं जवळजवळ मिळाली असती. आज तेरावा ना? अजून वेळ गेलेली नाही, पण सोपंही राहिलेलं नाही. उद्या सकाळी घेते. टोक सापडलं आणि ताण न देता जुळलं, तर जोडीन. नाही जुळलं, तर आत्ता नुसती जागा करून ठेवायची आणि काही महिन्यांनी मनगटातली एक वेगळी दोरी काढून तिथे घालायची. ते मोठं काम आहे, आणि लहान मुलात बोट पूर्ण वाकेल याची खात्री मी देत नाही."

जुई विचारत होती, "हे बिघडलेलं मी घरी नेऊ?"

"ने," डॉक्टर म्हणाल्या आणि मग कागदावर लिहिता लिहिता, वर न बघता विचारलं, "इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी तोंड उघडण्याआधी हे म्हणाले, "डॉक्टर, आमच्या इथं खाली एक माणूस राहतो. मेडिकल कॉलेजात मुडदे सांभाळतो. त्यानं तिसऱ्या दिवशी हिचं बोट ओढलं होतं. आईनं बघितलंय. त्यानंच तर तुटलं नसेल ना?"

त्यांचं पेन थांबलं. "ओढल्यानं असं तुटत नाही. काचेनं कापलंय हे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ओढलं म्हणजे नेमकं काय केलं? तुम्ही होतात तिथे?"

"होते."

"असं केलं का?" त्यांनी स्वतःचा डावा हात पुढे धरला, उजव्या हाताच्या दोन बोटांनी मनगट धरलं आणि मागे वाकवलं. त्यांची बोटं मिटली.

खोलीत पंखा फिरत होता. जुई स्टेपलर दाबत होती, टक टक. हे माझ्याकडे बघत होते. माझा नवरा वाईट माणूस नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा एक प्रश्न होता आणि तो प्रश्न कुणावर तरी जाऊन थांबणार होता. हो म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग ते काही बोलले का? आणि काय बोलले? आणि मग तुम्ही दहा दिवस काय करत होतात?

"नाही," मी म्हणाले. "बोट धरून ओढलं."

डॉक्टर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली. त्यांना कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

ऑपरेशन अडीच तास चाललं. बाहेर बाकड्यावर यांनी दोनदा चहा आणला, मी दोनदा गार होऊ दिला. डॉक्टर बाहेर आल्या त्या टोपी काढत. "एक नाडी तळहाताच्या मध्यापर्यंत मागे गेली होती. मिळाली. जुळली. दुसरी सोडून दिली, दोन्ही घातल्या असत्या तर नेफ्यात अडकल्या असत्या. आता चार आठवडे कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. काढायचं नाही, भिजवायचं नाही, आणि..." त्या थांबल्या. "आणि झोपली की बोटांकडे बघत जा. जागेपणी मुलं फसवतात."

आम्ही तिला घेऊन घरी आलो तेव्हा मामांनी बोट ओढलं, हे इमारतीत सगळ्यांना माहीत झालं होतं. सासूबाईंनी सांगितलं होतं, पण त्यांनी पाहिलं तेच सांगितलं होतं. त्यांना खरंच ओढल्यासारखं वाटलं होतं. बाकीचं माझ्या 'नाही'नं केलं. हे लातूरहून सासूबाईंशी फोनवर बोलले होते. माझं नाव घेऊन म्हणाले होते, "वृंदानंपण तेच सांगितलं डॉक्टरांना." वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "लेकरंबाळं असतात इथं, असला माणूस कशाला ठेवायचा?" देवणीकरांनी मामांना महिन्याची मुदत दिली. मामांनी पंधरा दिवसांतच सामान बांधलं. सामान म्हणजे एक लोखंडी पेटी, एक वळकटी आणि ते रबरी बूट.

जायच्या दिवशी ते आमच्या दाराशी आले. उंबऱ्यापासून चार हात लांब, नळावर थांबायचे तसेच. सासूबाई देवळात गेल्या होत्या. जुई आत गालिच्यावर झोपली होती, प्लास्टरमधला हात उशीवर.

मला वाटलं, आता हे विचारणार. मी काय ओढलं, वैनी? म्हणून विचारणार. मी उत्तरं शोधून ठेवली होती, तीन-चार, आणि त्यातलं एकही मला पटत नव्हतं.

ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून आत, उशीकडे बघत होते. प्लास्टरच्या टोकाशी बोटांची अग्रं दिसत होती. डॉक्टरांनी ती चारही वाकवूनच बांधली होती.

"जुळली का दोरी?"

"हो. एक जुळली."

"एक पुरे. टोकाची जुळली असंल तर दोन्ही पेरं वाकतात." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आमच्या टेबलावर पोरं ही दोरी ओढून बघतात, वैनी, आन् मेलेला हात मूठ मिटतो. नवीन पोरं घाबरतात. मी म्हणतो, घाबरू नका, त्यो माणूस तुमाला शिकवायलाय." मग त्यांनी पेटी उचलली. "प्लास्टर निघाल्यावर तिला जड उचलू देऊ नका. अजून दोनेक महिने. आन् अक्षर ह्याच हातानं काढू द्या, डाव्याची सवय लावू नका."

"मामा," मी म्हणाले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. पुढे काय म्हणायचं होतं ते तोंडाशी आलं होतं. नुसतं 'पाणी घ्या' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण दारात चपला वाजल्या, सासूबाई आल्या, आणि मामा बाजूला सरकून त्यांना वाट देऊन निघून गेले.

जुई आता दहा वर्षांची आहे. अक्षर उजव्या हातानंच काढते. बोट वाकतं, फक्त शेवटचं पेर अर्ध्यावर थांबतं. हार्मोनियमच्या बाई म्हणतात, चालेल, कळत नाही. मला कळतं. ती झोपली की मी अजून बघते. दुपारी शाळेतून येऊन आडवी झाली, की मी तिचं मनगट दोन बोटांत धरते आणि मागे वाकवते. चारही बोटं मिटतात. ती झोपेत म्हणते, "आई, पुरे." हे विचारतात, काय करतेस? मी म्हणते, सवय. कुणी शिकवलं, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की त्यांच्याच हातात पहिल्यांदा देणार आहे.

मागच्या वर्षी मी कॉलेजच्या त्या विभागात जाऊन आले. तोच वास होता. मामांच्या जागी एक तरुण माणूस होता, म्हणाला, ते निवृत्त झाले, भाचीकडे गेले असं ऐकलं, उदगीरच्या बाजूला, नाहीतर अहमदपूर असेल. पत्ता कुणाकडे नाही. फोन त्यांनी कधी घेतलाच नव्हता.

तुम्ही त्या बाजूचे असाल तर एक करा. तुमच्या गल्लीत एखादा उंच, थोडा वाकलेला, पासष्टीचा माणूस नवीन राहायला आला असेल, दगडू सरवदे नावाचा, जो माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी हातांकडे बघतो, तर त्याच्याकडे जरा डोकावून या. बरे आहेत का, दोन वेळा जेवतात का, नळावर त्यांना किती वेळ थांबावं लागतं, बघा. जुईच्या आईनं पाठवलं म्हणून सांगा. ते दुसरं काही विचारणार नाहीत, बोट वाकतं का एवढंच विचारतील. हो म्हणा. शेवटचं पेर अर्धंच वाकतं, तेही सांगा. त्यांना खरं सांगायला हवं, निदान तुम्ही तरी.

आणि त्यांनी पाणी विचारलं, तर नाही म्हणू नका.